तीस मिनिटांचे भाडेकरू

हिंजवडीच्या बसमध्ये काळी बॅग पोटाशी धरून बसलेली माणसं पूर्वी लांबून ओळखू यायची. बॅगेत लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये कोड आणि कोडमध्ये पुढच्या अप्रेझलची आशा. बॅग गेली की सगळंच गेलं. म्हणून वाकडच्या पुलावर गर्दीने श्वास कोंडला तरी माणूस आधी बॅग सांभाळायचा, मग बरगड्या. आता त्याच बॅगेत डबा असतो, छत्री असते, चार्जर असतो. लॅपटॉपही असतो, पण त्यात कोड नसतो. कोड सिंगापूरला असतो. लॅपटॉप नुसता तो बघण्यापुरता.

कारण कोड लिहिण्याचं काम आता ब्राउझरमध्ये चालतं. ज्या ब्राउझरमध्ये आपण विजेचं बिल भरतो, कोकणकन्येचं तिकीट मिळत नसल्याची खात्री करून घेतो आणि मीटिंगमध्ये चोरून स्कोअर बघतो, त्याच्याच शेजारच्या टॅबमध्ये एखाद्या बँकेचं सॉफ्टवेअर लिहिलं जात असतं. एडिटर त्या टॅबमध्ये, टर्मिनल त्या टॅबमध्ये, चुका शोधायचा डीबगरही तिथेच. फायली आणि त्या चालवणारं यंत्र मात्र दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये.

आमच्या कंपनीत हा बदल एका मेलने आला. मेलचा विषय होता 'डेव्हलपर अनुभव सुधारणा'. आत लिहिलं होतं की सुरक्षेच्या कारणास्तव यापुढे कोणाच्याही लॅपटॉपवर सोर्स कोड राहणार नाही. अनुभव सुधारता सुधारता मध्येच सुरक्षा कुठून आली, हे कोणी विचारलं नाही, कारण शेवटी 'आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद' असं होतं. सहकार्य मिळायच्या आधीच धन्यवाद देऊन टाकले की माणसाला भांडायला जागा राहत नाही.

टीममध्ये नाराजी पसरली. "ब्राउझर ही काय कोड लिहायची जागा आहे?" हा सगळ्यांचा सूर. यात सर्वांत पुढे होती ती व्हीएस कोड वापरणारी मंडळी, आणि खरी गंमत तिथेच आहे. 2015 साली मायक्रोसॉफ्टने आणलेला हा एडिटर इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावर उभा आहे, आणि इलेक्ट्रॉनच्या पोटात क्रोमियम आहे, म्हणजे क्रोम ज्याच्यावर बेतलेला आहे तो ब्राउझर. त्यातला मोनॅको हा अक्षरं दाखवणारा, रंगवणारा भाग झुरिकमध्ये एरिक गामांच्या टीमने आधी ब्राउझरसाठीच बनवला होता. थोडक्यात, ब्राउझरमध्ये कोड लिहिणार नाही अशी शपथ घेणारी माणसं कित्येक वर्षं ब्राउझरमध्येच कोड लिहीत होती. फक्त वर पत्ता टाकायची पट्टी नव्हती. हे मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा कोणी दाद दिली नाही. एकाने माझ्या डब्यातली भाजी घेणंही बंद केलं.

कल्पना तशी नवी नाही. हेरोकू आज सर्व्हर चालवणारी कंपनी म्हणून ओळखली जाते, पण 2007 साली तिची सुरुवात ब्राउझरमध्ये रुबी भाषेतला कोड लिहायची जागा म्हणून झाली. 2009 मध्ये मोझिलाने बेस्पिन नावाचा एडिटर काढला. त्याचं नंतर स्कायरायटर झालं आणि शेवटी तो एस नावाच्या दुसऱ्या एडिटरमध्ये विलीन झाला. त्याच सुमारास ॲम्स्टरडॅममध्ये क्लाउड9 उभं राहिलं. आणि दूरच्या यंत्रावर काम करायचं म्हणाल तर ते याच्याही कितीतरी आधीचं. 1964 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी 3600 हा संगणक बसला, तेव्हा प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवर असे. कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट बघत बसायचं. यंत्र कोणाच्याच मालकीचं नव्हतं, पण गठ्ठा मात्र आपला असायचा. रबरबँड लावून घरी नेता यायचा. आमचं नेमकं तेवढंच गेलं.

आता आम्ही भाडेकरू झालो आहोत. आणि पुण्यात राहणाऱ्या माणसाला भाडेकरू होणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. इथे अकरा महिन्यांचा करार असतो, पोलीस व्हेरिफिकेशन असतं, आणि जिन्यात मालकाच्या हस्ताक्षरातली पाटी असते. ब्राउझरमधल्या खोलीचा करार मात्र तीस मिनिटांचा. गिटहब कोडस्पेसेस या अशा खोल्या भाड्याने देणाऱ्या सेवेचे मूळ नियम असे आहेत की तीस मिनिटं काही हालचाल दिसली नाही तर तुमचं यंत्र बंद होतं, आणि बंद पडलेली जागा तीस दिवस कोणी उघडली नाही तर ती पुसून टाकली जाते. या मुदती कमीजास्त करता येतात, पण त्यासाठी सेटिंग्जमध्ये जावं लागतं, आणि सेटिंग्जमध्ये जाणारा भाडेकरू मालकाला कधीच आवडत नाही. पाटी लावायची झाली तर अशी लागेल: 'अर्धा तास हालचाल न दिसल्यास दिवे मालवले जातील. महिनाभर न फिरकल्यास खोली सामानासकट मोडली जाईल. चौकशी करू नये.'

शिवाय यंत्र बंद असलं तरी ठेवलेल्या फायलींनी अडवलेल्या जागेचे पैसे चालूच राहतात. फ्लॅट कुलूपबंद असला तरी सोसायटीचा मेंटेनन्स थांबत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला हे बिल समजावून सांगावं लागत नाही. खासगी वापरासाठी महिन्याला दोन कोअरच्या यंत्राचे साठ तास फुकट मिळतात. साठ तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण आपण कोड कमी लिहितो आणि त्याच्याकडे बघत जास्त बसतो, हे दहा तारखेच्या आसपास लक्षात येतं.

तीस मिनिटांच्या नियमाचा खरा तडाखा बसतो तो मीटिंगमध्ये. काम कधी संपणार यावर दोन तास चर्चा होते, आणि ती संपेपर्यंत काम जिथे चालू होतं ते यंत्रच झोपलेलं असतं. फायली जागेवर असतात, पण टर्मिनलमध्ये चालू ठेवलेलं सगळं बंद पडलेलं असतं. मग पुन्हा उठवा, पुन्हा सुरू करा, तोवर स्टँडअपची वेळ. आमच्या टीममधल्या एका चुणचुणीत मुलाने यावर तोड काढली. टर्मिनलमध्ये काहीतरी उमटत राहिलं तर मालक त्याला हालचाल समजतो, हे त्याने नियमावलीत वाचलं. (नियमावली वाचणारा प्रोग्रामर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.) त्याने दर मिनिटाला 'आहे, आहे' असं छापणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि निर्धास्त जेवायला गेला. शुक्रवारी संध्याकाळी तो ते तसंच चालू ठेवून साताऱ्याला घरी गेला. सोमवारी अकाउंट्सवाल्या मॅडम आमच्या मजल्यावर आल्या. त्या मजल्यावर येतात तेव्हा कोणाचं तरी काही खरं नसतं. "शनिवार-रविवार इथे कोण काम करत होतं?" त्यांनी विचारलं. मॅनेजरला वाटलं टीम मनापासून राबतेय. त्यांनी कौतुकाने त्या मुलाचं नाव सांगून टाकलं.

गूगल कोलॅबवर तर हा लपंडाव जुनाच आहे. तिथे फुकट जीपीयू मिळायला लागला आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची निम्मी प्रोजेक्ट्स तिकडे राहायला गेली. मॉडेल रात्रभर शिकत असतं, विद्यार्थी झोपलेला असतो, आणि कोलॅब मध्येच विचारतं, 'तुम्ही अजून इथे आहात का?' उत्तर आलं नाही की सगळं आवरून मोकळं. मग मुलांनी बटणावर आपोआप क्लिक करणारे तुकडे एकमेकांना द्यायला सुरुवात केली. यंत्र शिकावं म्हणून जागं राहायला दुसरा प्रोग्राम बसवायचा आणि स्वतः झोपायचं, हे कृत्रिम बुद्धिमत्तेचं खरं प्रात्यक्षिक. एक्सटर्नलना मात्र ते दाखवता येत नाही.

पण सगळ्यात मनोरंजक भाग कीबोर्डचा आहे.

आमच्याकडे एक ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. ते विम नावाचा एडिटर वापरतात. माऊसला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यांच्या बोटांना कंट्रोल आणि डब्ल्यू या जोडीची सवय इतकी जुनी आहे की टीममधली दोन मुलं त्यानंतर जन्मली. विममध्ये ही जोडी एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जायला लागते, आणि टर्मिनलमध्ये तिने मागचा एक शब्द खोडला जातो. ब्राउझरमध्ये मात्र तिने अख्खा टॅब बंद होतो. काकांनी पहिल्या दिवशी एक चुकलेला शब्द खोडायला बोटं दाबली आणि अख्खं ऑफिस नाहीसं झालं. ते बराच वेळ समोरच्या कोऱ्या पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लाइट गेले का?"

कोडला काही झालं नव्हतं. तो सिंगापूरला सुखरूप होता. टॅब पुन्हा उघडला की सगळं होतं तसं समोर येतं, हे त्यांना पटवायला वेळ लागला. पण बोटं कोणाचं ऐकतात? दिवसभरात तो टॅब इतक्यांदा बंद झाला की शेवटी आम्ही सेटिंग बदलून दिलं; मग ब्राउझर प्रत्येक वेळी 'खरंच जायचंय का?' असं विचारू लागला, आणि काकांना वाटलं आपल्यावर पाळत आहे. ब्राउझर ही जोडी पानाच्या हाती देत नाही. द्यायला लागला तर जाहिरातींची अर्धी पानं स्वतःला बंदच होऊ देणार नाहीत. उपाय असा की तेच पान ॲप म्हणून बसवून घ्यायचं, म्हणजे वेगळी खिडकी मिळते आणि ही जोडी एडिटरपर्यंत पोचते. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे ब्राउझरमध्ये काम नीट व्हावं म्हणून ते ब्राउझरच्या बाहेर काढायचं." यावर मला उत्तर सुचलेलं नाही.

दुसरी जोडी याहून घातकी. व्हीएस कोडमध्ये कुठलीही आज्ञा शोधायची तर कंट्रोल-शिफ्ट-पी दाबतात. दिवसातून शंभरदा दाबली जाते. फायरफॉक्समध्ये याच कळांनी खासगी खिडकी उघडते, जांभळी, मुखवट्याच्या चिन्हाची. आमची एक टीम लीड फायरफॉक्सची निष्ठावान. क्लायंटला डेमो देत होती, स्क्रीन सगळ्यांना दिसत होती. तिने आज्ञा शोधायला बोटं टाकली आणि चौदा माणसांसमोर ती जांभळी खिडकी उघडली. तिने ती घाईने बंद केली आणि बोटांनी सवयीने पुन्हा तेच केलं. पुन्हा जांभळी खिडकी. पलीकडून क्लायंट अत्यंत सभ्यपणे म्हणाला, की आपण हवं तर पाच मिनिटांचा ब्रेक घेऊ. फायरफॉक्समध्ये यासाठी एफ1 दाबायचं असतं, ही साधी गोष्ट त्या दिवसापासून टीममध्ये सर्वांना तोंडपाठ आहे.

उलट गिटहबवर कोड वाचताना नुसतं पूर्णविरामाचं बटण दाबलं की समोरचं पान एडिटर होऊन बसतं. ही सोय 2021 ची. घरून काम करणाऱ्यांच्या मुलांनी ती सगळ्यात आधी शोधली असणार असा माझा अंदाज आहे.

उशीर होतो का? तर एडिटरमध्ये फारसा नाही, कारण आपण टाइप केलेलं अक्षर आपल्याच ब्राउझरमध्ये उमटतं आणि फाइल मागाहून जाते. टर्मिनलमध्ये मात्र प्रत्येक अक्षर जाऊन यावं लागतं. पुण्याहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे चार हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका अक्षराच्या जाण्यायेण्यात निदान चाळीसेक मिलिसेकंद मोडतात. समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत जात नाही, शिवाय वाटेत थांबे असतात, तेव्हा प्रत्यक्षात याहून जास्तच. आपण पुण्यात 'एल' दाबतो, तो समुद्र ओलांडून परत येतो आणि मग पडद्यावर दिसतो. यात चिडण्यासारखं हे की मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा 'सेंट्रल इंडिया' हा विभाग 2015 पासून पुण्यातच आहे. पण आमच्या क्लायंटच्या करारात सिंगापूर लिहिलेलं आहे, आणि करार वाचून बदलण्यापेक्षा अक्षर समुद्रापार धाडणं स्वस्त पडतं. या उशिरावर उतारा म्हणून एमआयटीतल्या काही मंडळींनी 2012 साली मॉश नावाचं साधन काढलं होतं. ते अंदाजाने अक्षर आधीच दाखवतं आणि खात्री होईपर्यंत त्याखाली रेघ मारून ठेवतं. आमच्या मॅनेजरच्या तारखाही अशाच असतात, फक्त ते रेघ मारत नाहीत.

या सगळ्यात आमच्या व्यवसायाचं झालेलं खरं नुकसान वेगळंच आहे आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य मेलं. या एका वाक्यावर पुण्या-बंगळुरात हजारो संसार उभे राहिले होते. टेस्टरने बग आणून दिला की शांतपणे हे वाक्य म्हणायचं आणि चहाला जायचं. त्याच्या मशीनवर काय वेगळं आहे ते त्याने शोधायचं. आता सगळ्यांची खोली एकाच नकाशावर बांधलेली असते. प्रोजेक्टमध्ये डेव्हकंटेनर नावाची एक फाइल असते, तिच्यात कुठली भाषा, कुठली आवृत्ती, कुठली साधनं हे सगळं लिहिलेलं असतं, आणि त्यावरून प्रत्येकाला हुबेहूब तीच जागा मिळते. माझ्याकडे चालतं ते तुझ्याकडे चालणारच, आणि तुझ्याकडे फुटतं ते माझ्याकडेही फुटणारच.

त्याबरोबर फ्रेशरचे सोन्याचे दिवसही संपले. पूर्वी नव्या मुलाला लॅपटॉप मिळाला की जावाची आवृत्ती, डेटाबेस, परवाने, पासवर्ड यांच्यात त्याचे दोन आठवडे आरामात जायचे. रोज स्टँडअपमध्ये 'एन्व्हायर्नमेंट सेटअप चालू आहे' म्हणायचं, कोणी पुढचा प्रश्न विचारत नसे. त्या काळात कित्येकांची लग्नं ठरली. आता नवा मुलगा सकाळी दहाला जॉइन होतो आणि सव्वादहाला त्याला पहिला बग मिळतो.

सुट्टीचंही तेच. गणपतीला गावी जाताना 'लॅपटॉप नेत नाही' हे पूर्वी पवित्र वाक्य होतं. आता मॅनेजर म्हणतात, "लॅपटॉप कशाला? ब्राउझर असला की झालं." आमच्यातला एकजण सावंतवाडीकडचा. गेल्या गणपतीत दुसऱ्याच दिवशी त्याला फोन आला, प्रॉडक्शनला काहीतरी पडलंय. घरात आरती चालू. तो उठून गावातल्या ई-सेवा केंद्रावर गेला. तिथे सातबाऱ्यासाठी रांग होती. त्याने केंद्रवाल्या दादांना हातापाया पडून दहा मिनिटं मागितली, ओटीपीसाठी टेकडीपर्यंत चढून आला आणि रांगेतल्या सात-आठ शेतकऱ्यांच्या देखरेखीखाली बग सोडवला. मागून एक आजोबा म्हणाले, "पोरा, तुझा उतारा आला काय?" केंद्रवाल्या दादांनी दाखल्याचे पैसे घेतले, कारण त्यांच्याकडे बगचा दर नव्हता. सुरक्षेसाठी जो कोड आमच्या लॅपटॉपवर ठेवायची परवानगी नाही, तो त्या दिवशी सातबाऱ्याच्या रांगेने वाचला. कंपनीने या तत्परतेबद्दल त्याला मेलवर एक बॅज दिला.

तरीही मी या प्रकाराला शिव्या घालणार नाही. ब्राउझरमध्ये कोड लिहायची रेप्लिट ही सेवा काढणारे अमजद मसाद अम्मानमध्ये वाढले. स्वतःचा लॅपटॉप नव्हता, इंटरनेट कॅफेत जाऊन कोड लिहायचा तर दर वेळी सगळं नव्याने बसवावं लागे. त्या वैतागातून त्यांची कल्पना निघाली. आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीकडे जुनं, कमी मेमरीचं यंत्र असतं आणि लॅबमध्ये अजून टर्बो सीचा निळा पडदा. तिला ब्राउझरमध्ये आजचं साधन मिळतं हे खरं मोलाचं आहे. फक्त लॅबमधला प्रोग्राम तिथे चिकटवल्यावर 'कोनिओ' ही टर्बो सीच्या जमान्यातली फाइल सापडत नाही असं आलं तर तिने घाबरू नये. चूक तिची नाही, अभ्यासक्रमाची आहे.

अडचण एवढीच की मालक बदलतात. क्लाउड9 ला 2016 मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलं आणि 2024 च्या जुलैत नव्या ग्राहकांसाठी दार बंद केलं. मायक्रोसॉफ्टच्या जागेवर 2019 ला व्हिज्युअल स्टुडिओ ऑनलाइन अशी पाटी होती, काही महिन्यांत व्हिज्युअल स्टुडिओ कोडस्पेसेस झाली, आणि भाडेकरूंना गिटहबच्या इमारतीत जायला सांगून 2021 मध्ये ती इमारत बंद करण्यात आली. जर्मनीतल्या गिटपॉडची पाटी 2025 मध्ये ओना झाली. ग्लिचने त्याच वर्षी जुलैत लोकांचे प्रकल्प चालवणं थांबवलं.

तेव्हा चहाला उठण्याआधी कमिट करा आणि पुश करा. आणि पुश केलं म्हणजे संपलं असंही समजू नका. गिटहब हेही दुसऱ्याच मालकाचं घर आहे. महिन्यातून एकदा आपला स्वतःचा कोड घरच्या हार्ड डिस्कवर क्लोन करून ठेवा. कंपनीचा नको, त्याच्यावर मेल येईल.